मिसळणाच्या डब्यातलं इजिप्त

इजिप्तचे मसाले घरी करायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सामान कुठून आणायचं? बहुतेक सामान घरातच असतं. धणे, जिरे, लसूण, तीळ, मिरी, लिंबू, व्हिनेगर आणि तूप. कैरोतल्या साध्या घरात रोजच्या जेवणाला जी चव असते तिचा पाया एवढाच आहे. फरक पडतो तो हाताळणीत. धणे किती भाजायचे, किती जाडसर ठेवायचे, लसूण कच्चा घालायचा की तळून, आणि हे सगळं पातेल्यात सुरुवातीला टाकायचं की शेवटी, यावर पदार्थ मराठी होणार की मिसरी हे ठरतं.

म्हणून आधी आपल्या दोन सवयी बाजूला ठेवाव्या लागतील. एक, हात आपोआप हळद, हिंग आणि गुळाच्या डब्याकडे जाण्याची. पुढच्या एकाही कृतीत या तिघांना जागा नाही. दोन, मसाला म्हटला की तो पिठासारखा बारीकच हवा या आग्रहाची. यातल्या निम्म्या गोष्टी दाताखाली यायला हव्यात. घरात खलबत्ता असेल तर तो माळ्यावरून खाली काढा. मिक्सरनेही जमतं, पण बटण सोडून-दाबून, क्षणाक्षणाने फिरवत.

धणे आणि लसूण इजिप्तच्या मातीत फार जुने. १९२२ साली तुतनखामुनची कबर सापडली, तेव्हा राजाबरोबर पुरलेल्या वस्तूंमध्ये धणे होते आणि लसणाचे गड्डेही. मिरी मात्र आपल्या बाजूने गेलेली. दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकात मिरीचे दाणे मिळाले आहेत. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात, देवळाच्या आवारात, भारतीय घडणीच्या रांजणात साडेसात किलो मिरी सापडली. ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातली, म्हणजे कल्याण आणि सोपारा ही नावं परदेशी खलाशांच्या तोंडी होती त्या काळातली. आजही इजिप्शियन घरात धणे-जिरे मुठीने पडतात आणि मिरी, लवंग, दालचिनी चिमटीने. प्रमाण चुकतंय अशी शंका आली की एवढं आठवावं.

दुक्का

सुरुवात दुक्क्यापासून करावी. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही आणि पुढे लागणारं जवळजवळ सगळं त्यात शिकून होतं. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने कैरोतल्या लोकांच्या राहणीवर १८३६ साली पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात दुक्क्याची नोंद आहे. ज्यांना भाकरीबरोबर आणखी काही परवडत नाही ते मीठ-मिरीत पुदिना किंवा जिरे घालतात, जोडीला धणे, दालचिनी, तीळ, हरभरे यांतलं जे असेल ते, आणि भाकरीचा एकेक घास त्यात टेकवून खातात. गरिबाच्या घरचं तोंडीलावणं ते. हेझलनटचा त्यात उल्लेखही नाही. ते खात्यापित्या घरांतून आले. पुढे दुक्का परदेशी गेला आणि ऑस्ट्रेलियात इतका रुजला की तिथे त्यात मॅकाडेमियाही पडतो. चवीला वाईट नाही, पण अशा बाटल्यांत सुकामेव्याचा चुराच जास्त असतो. दुक्का मुळात बियांचा.

क्लॉडिया रोडेन या १९३६ साली कैरोत जन्मल्या. मध्यपूर्वेच्या स्वयंपाकावरचं त्यांचं १९६८ सालचं पुस्तक आजही घरोघर वापरलं जातं. त्यांच्या आईच्या कृतीत तीळ सर्वांत जास्त आहेत, धणे त्यांच्या निम्मे, आणि हेझलनट व जिरे प्रत्येकी धण्यांच्या निम्मे. हे प्रमाण मला पटतं. फक्त आपले जिरे वासाला उग्र असले तर पहिल्या खेपेला थोडे कमी घ्यावेत. हेझलनट महाग वाटत असतील तर खुशाल शेंगदाणे वापरा. इजिप्तमध्येही कित्येक घरांत तेच घालतात, त्यामुळे आपण काही तडजोड करतोय असं वाटायचं कारण नाही.

एका मध्यम बरणीसाठी तीळ २०० ग्रॅम, धणे १०० ग्रॅम, शेंगदाणे किंवा हेझलनट ५० ग्रॅम, जिरे ४० ग्रॅम, मिरी एक लहान चमचा, मीठ दीड लहान चमचा आणि हाताने चुरडलेला सुका पुदिना एक मोठा चमचा. पुदिना सावलीत वाळवलेला हवा. उन्हात तो काळा पडतो आणि गवतासारखा लागतो.

प्रत्येक वस्तू वेगळी भाजायची. इथे कंटाळा चालत नाही, कारण तीळ तडतडायला लागेपर्यंत जिरे करपलेले असतात. धणे मंद आचेवर चार-पाच मिनिटं. त्यांचा रंग फारसा बदलू द्यायचा नाही, वास बदलला की उतरवायचे. एक धणा दाताखाली धरावा, कट्कन फुटला तर झाला, चिवट लागला तर अजून मिनिटभर. काळ्या किंवा गोड्या मसाल्यासाठी आपण धणे जितके खरपूस करतो तितके इथे नकोत. दुक्क्यात त्यांचा लिंबासारखा ताजा वास शिल्लक राहायला हवा, आणि जास्त भाजले की आधी तोच जातो. जिऱ्यांना दोन मिनिटं पुरतात. तीळ झाकण अर्धवट ठेवून हलवत राहावेत, चारदोन उडायला लागले आणि फिकट सोनेरी दिसले की लगेच ताटात काढावेत, कारण गरम कढईत ते पुढे भाजत राहतात. शेंगदाणे नेहमीसारखे खमंग भाजून सालं पाखडून घ्यावेत.

आता हे सगळं पूर्ण गार होऊ द्या. कोमट दाणे आणि तीळ कुटले की तेल सोडतात आणि दुक्क्याचा गोळा होतो. धणे आधी कुटावेत. आपले धणे लांबट आणि सालपटाचे असतात, म्हणून कुटल्यावर एकदा मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून काढले तर घशाशी टोचणारी सालं निघून जातात. मग जिरे-मिरी, ती जरा बारीक. मग दाणे, फक्त भरड. तीळ निम्मे कुटायचे आणि निम्मे अख्खे ठेवायचे. सगळं हाताने एकत्र करून पुदिना मिसळावा. चमच्यातून ओतल्यावर ते सुटं पडायला हवं. आपल्या शेंगदाण्याच्या सुक्या चटणीइतकं दाबून ठेचलं तर ते चिकटतं आणि मग दुक्का राहत नाही. तसं झालंच तर आणखी मूठभर भाजलेले अख्खे तीळ घालून हात फिरवावा, बरंचसं सावरतं.

मिठाचं एक सांगायला हवं. कैरोची हवा कोरडी, आपली नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात दुक्का केला तर मीठ बरणीत घालूच नये. ते ओल धरतं आणि आठवड्यात कुरकुरीतपणा जातो. मीठ वाढताना वरून घालावं आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवावी. हिवाळ्यात बाहेर महिनाभर छान राहतो. त्यापुढे दाण्यांना खवट वास येऊ लागतो, म्हणून एका वेळी किलोभर करायचा मोह टाळा.

खायची जुनी रीत अशी की भाकरीचा तुकडा आधी ऑलिव्ह तेलात बुडवायचा, मग दुक्क्यात. उकडलेल्या अंड्यावर, काकडी-टोमॅटोवर तो उत्तमच लागतो. ज्वारीची भाकरी आणि करडईचं कच्चं तेल घेऊन बघा, सोलापूर-लातूरकडच्या माणसाला ही संगत शिकवावी लागणार नाही.

तअलिया: शेवटी पडणारी फोडणी

दुक्का कोरडा, तर तअलिया तुपातली. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या मिठाच्या चिमटीबरोबर खलबत्त्यात ठेचायच्या, त्यात धण्यांची ताजी भरड पूड सपाट एक मोठा चमचा घालून पुन्हा ठेचायचं. दोन मोठे चमचे तूप तापवून त्यात हे मिश्रण मध्यम आचेवर परतायचं. लसूण आधी पांढरा फेसाळतो, मग कडा पिवळ्या होतात, मग अचानक सोनेरी होतो. त्याच क्षणी उतरवायचं. लसूण तांबूस होईपर्यंत थांबलात तर कडू होतो, आणि हा कडूपणा कशानेही झाकला जात नाही.

तूप म्हशीचं असेल तर उत्तम. इजिप्तमध्येही म्हशी भरपूर आहेत आणि गावठी 'सम्ना' पुष्कळदा म्हशीच्याच लोण्याचा असतो. तेलात तअलिया केली तर वास निम्मा.

ही फोडणी स्वयंपाकाच्या सुरुवातीला नाही, शेवटी पडते. तिची खरी जागा मुलुखियात. ज्यूटच्या झाडाची कोवळी पानं अगदी बारीक चिरून कोंबडीच्या किंवा सशाच्या रश्श्यात शिजवतात, ते बुळबुळीत हिरवं कालवण म्हणजे मुलुखिया. बंगालमध्ये हीच पानं पाट शाक म्हणून खातात, त्यामुळे मोठ्या शहरांतल्या बंगाली वस्तीच्या बाजारात ती मिळू शकतात. तअलिया पातेल्यात ओतताना चर्र आवाज होतो, आणि त्याच क्षणी स्वयंपाक करणारी बाई दचकल्यासारखा जोरात श्वास आत ओढते. तो ओढला नाही तर मुलुखियाला चव येत नाही असं इजिप्तमधली घरंच्या घरं अर्धं थट्टेने आणि अर्धं मनापासून मानतात. तुम्हीही ओढा, खर्च काही नाही.

मुलुखिया नसली तरी तअलिया वाया जात नाही. टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेल्या भेंडीवर घाला. भेंडी अख्खी आणि कोवळी घ्या, वरून लिंबू पिळा. मसुराच्या पातळ सूपवरही ती चालते. मोहरी-हिंगाची फोडणी त्याच दिवशी त्याच पदार्थाला देऊ नका, दोघींचं पटत नाही.

कोशरीचे दोन साथीदार

भात, मसूर, मॅकरोनी, छोले, टोमॅटोचा सॉस आणि वर तळलेला कांदा, असा कोशरीचा ढीग कैरोत रस्त्यावरच्या दुकानांत वाडग्याने मिळतो. तिची मुळं आपल्या खिचडीत असावीत असं बरेच जण मानतात. २०२५ च्या डिसेंबरात दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आपल्या दिवाळीबरोबर कोशरीचीही नोंद झाली. पण कोशरीला चव येते ती टेबलावरच्या दोन बाटल्यांनी: एक दक्का आणि दुसरा शत्ता. (दुक्का आणि दक्का यांत गोंधळ करू नका. तो कोरडा, हा पातळ.) या दोघांवाचून कोशरी म्हणजे नुसती पिष्टान्नांची जत्रा.

दक्क्यासाठी लसणाच्या आठ पाकळ्या अर्धा लहान चमचा मिठाबरोबर अगदी गुळगुळीत वाटा. लसूण ठेचला की त्यातला झोंबरा रस तयार व्हायला सुरुवात होते, आणि आंबट पदार्थ पडला की ती क्रिया थांबते. म्हणजे ठेचल्याबरोबर व्हिनेगर घातलं तर दक्का सौम्य, दहा मिनिटं थांबून घातलं तर नाकातोंडातून वाफा काढणारा. घरात लहान मुलं असतील त्याप्रमाणे ठरवा. मग ताजी भाजून कुटलेली जिरेपूड एक लहान चमचा, धणेपूड अर्धा लहान चमचा, पांढरं व्हिनेगर चार मोठे चमचे, लिंबाचा रस एक ते दोन मोठे चमचे आणि छोले शिजवलेलं पाणी एक वाटी. साधं पाणीही चालतं, पण छोल्यांच्या पाण्याने दक्क्याला अंग येतं. ते फेकून देऊ नका.

बाजारातलं स्वस्त सिंथेटिक व्हिनेगर तोंडाला चरचरतं. ते असेल तर तीनच चमचे घ्या आणि लिंबू वाढवा. गोव्याचं माडाचं व्हिनेगर हाताशी असेल तर दक्का चवदार होतो, मात्र त्याला त्याचा स्वतःचा वास असतो आणि चव थोडी गोव्याकडे झुकते. मला ती झुकलेली आवडते, पण पहिल्यांदा करताना पांढरंच वापरा, म्हणजे मूळ चव कळेल.

कच्चा लसूण सोसत नसेल त्यांनी कांदा तळलेलं एक चमचा तेल तापवून त्यात लसूण वीसेक सेकंद परतावा, गॅस बंद करून व्हिनेगर ओतावं (तोंड लांब ठेवून, वाफ डोळ्यांत जाते), बाकीचं सगळं घालून एक उकळी आणावी. कुठल्याही रीतीने केला तरी दक्का फ्रीजमध्ये ठेवावा आणि आठवड्यात संपवावा. आणखी एक सूचना, आणि ही गंभीर आहे. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं, त्याला ना वास असतो ना रंग.

शत्ता तिखट. कोशरीच्या टोमॅटो सॉसमधूनच तो काढतात. तीन मोठे चमचे तेल गरम करून आच बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि मग दोन मोठे चमचे तिखट लाल मिरचीपूड त्यात घाला. उकळत्या तेलात घातली तर ती काळी पडून खोकला उठवेल. त्यावर दोन डाव टोमॅटो सॉस, एक चमचा व्हिनेगर, चिमूटभर जिरेपूड आणि मीठ घालून पाच मिनिटं मंद शिजवा, तेल वर सुटेपर्यंत. रंगासाठी बेडगी आणि तिखटासाठी लवंगी अशी जोडी छान जमते. कैरोतल्या दुकानदाराचा शत्ता खरोखर जाळतो आणि लोक तो थेंबाथेंबाने घेतात. कोल्हापूरकरांनी उगाच पैज लावू नये.

सॉस अगदी साधा. कांदा न घालता लसूण तेलात परतायचा, टोमॅटोचा रस, मीठ, जिरे आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर.

तहिना

ताहिनीच्या बाटल्या आता आपल्या दुकानांतही दिसतात, पण तीळ आपल्याकडे इतके चांगले मिळतात की घरी वाटणंच शहाणपणाचं. तीळ पांढरेशुभ्र, सालं काढलेले घ्यावेत. दुकानदार त्यांना पॉलिशचे तीळ म्हणतो. गावरान तिळांच्या सालीत कडवटपणा असतो, तो दुक्क्यात लपतो, इथे लपत नाही. दोनशे ग्रॅम तीळ मंद आचेवर फक्त गरम आणि हलके होईपर्यंत भाजा, रंग येऊ देऊ नका. दुक्क्याच्या उलट, हे कोमट असतानाच मिक्सरमध्ये घाला, कारण इथे आपल्याला तेल सुटायलाच हवं आहे. आधी भुकटी होईल, मग ओलसर ढेकळं, मग कडेला चिकटणारा लगदा. इथे बरेच जण निराश होऊन पाणी घालतात आणि सगळं वाया जातं. पाणी नाही, दोन-तीन चमचे वास नसलेलं तेल घाला, कडा खरवडा, मिक्सरला दोन मिनिटं विश्रांती द्या आणि पुन्हा फिरवा. चमच्यावरून धारेने खाली पडलं की झालं.

ही झाली ताहिनी. जेवणाच्या टेबलावर येतो तो तिचा सॉस, आणि इजिप्तमध्ये त्यालाच तहिना म्हणतात. चार मोठे चमचे ताहिनीत लसणाची एक ठेचलेली पाकळी, अर्धा लहान चमचा जिरेपूड, मीठ, एक चमचा व्हिनेगर आणि एक चमचा लिंबाचा रस घालून ढवळा. ताहिनी एकदम घट्ट होऊन गोळा होईल. घाबरू नका. तिळाच्या कणांनी ते थोडं पाणी शोषून घेतलं म्हणून तसं होतं. आता चमचा-चमचा थंड पाणी घालत जोरात फेटत राहा. पाच-सहा चमच्यांनंतर गोळा अचानक सैल होतो, रंग उजळतो आणि मऊ, ओतण्याजोगा सॉस तयार होतो. लेबनॉन-सीरियाकडच्या तहिन्यात लिंबूच जास्त असतं. जिरे आणि व्हिनेगर पडले की तो इजिप्तचा. तळलेले मासे, वांग्याचे काप, कबाब, किंवा नुसता पाव, कशाबरोबरही चालतो. मुंबईच्या पापलेट-सुरमईबरोबर तर अलेक्झांड्रियातल्या लोकांनीही नाव ठेवू नये इतका.

बहारात आणि मस्तगी

मटणाच्या पदार्थांसाठी इजिप्शियन घरात एक मिश्र मसाला असतो. त्याला बहारात म्हणतात, आणि तो प्रत्येक दुकानदाराचा वेगळा असतो. कैरोत अल-अझहर आणि खान अल-खलीलीच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या मसाले विकणारे अत्तार बसतात, आणि गिऱ्हाईक मटण आहे की मासे एवढं सांगून मिश्रण बांधून घेतं. घरगुती प्रमाण असं धरावं: ऑलस्पाइस दोन मोठे चमचे, मिरी दोन मोठे चमचे, धणे आणि जिरे एकेक मोठा चमचा, लवंगा एक लहान चमचा, वेलचीचे दाणे एक लहान चमचा, दालचिनीचे दोन बोटभर तुकडे, अर्धं जायफळ. दालचिनी आणि जायफळ सोडून बाकीचं किंचित गरम करून सगळ्याची बारीक पूड करावी. या लेखातली ही एकच पूड, जी बारीक हवी.

ऑलस्पाइस मिळवताना जपा. पुष्कळ दुकानदार त्याऐवजी कबाबचिनी देतात. तिच्या दाण्याला शेपटी असते आणि चव थंड, कापरासारखी. ऑलस्पाइसचा दाणा गोल, तपकिरी, बिनशेपटीचा असतो आणि त्याला लवंग-दालचिनी-जायफळाचा एकत्र वास येतो. कोकणातल्या काही बागांत ऑलस्पाइसची झाडं आहेत आणि त्यांची पानं मसाल्यात वापरतात. तशी सुकी पानं मिळाली तर दाण्यांच्या जागी चार-पाच घालावीत. ती फार जोरदार नसतात, पण दिशा बरोबर असते.

अर्धा किलो खिम्याला या पुडीचा एकच लहान चमचा पुरतो. कांदा, हिरवी मिरची आणि ही पूड घातलेला कच्चा खिमा पावात भरून तो पाव भट्टीत भाजतात, त्याला हवावशी म्हणतात. ओव्हन असेल तर घरी सहज होते, फक्त खिमा अर्ध्या बोटापेक्षा जाड थापू नये, नाहीतर आत कच्चा राहतो.

मस्तगीबद्दल थोडक्यात. ग्रीसच्या खिओस बेटावरच्या झाडाचा हा डिंक. युनानी औषधांच्या दुकानात रूमी मस्तगी म्हणून मागावा. कोंबडीचं पाणी उकळताना मसुराएवढे एक-दोन खडे, दोन वेलच्या, तमालपत्र आणि एक कांदा घालतात. त्याने मांसाचा उग्र वास जातो असं तिथल्या गृहिणी सांगतात. खडे मिठाबरोबर कुटले तर बत्त्याला चिकटत नाहीत. महाग आहे, आणि जास्त झाली तर रस्सा औषधासारखा लागतो. पहिल्या वर्षी नाही घेतली तरी चालेल.

करडईच्या फुलांचं लिंबू

आता माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट. इजिप्तचं लोणच्याचं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच: लहान, पातळ सालीचं, रसाळ. त्यात भरतात कलौंजी, मिरची आणि करडईच्या वाळलेल्या पाकळ्या. त्या पाकळ्यांचा केशरी रंग खारात उतरतो आणि बरणी आठवड्यात पिवळीधमक दिसू लागते.

करडई तर आपलं पीक. मराठवाडा आणि सोलापूर भागात ती तेलासाठी घेतात आणि पाकळ्या बहुतेक शेतातच गळून जातात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचं करडईचं वाण काढलं आणि पाकळ्या गोळा करून त्यांचा काढा-चहासाठी उपयोग करण्यावरही काम केलं. आयुर्वेदिक दुकानांत किंवा चहाच्या पाकिटांत या पाकळ्या मिळतात. गावाकडे कुणाची करडई असेल तर फुलं सुकून लालसर झाल्यावर, पण बी तयार होत असतानाच, पाकळ्या वरून ओढून घेतल्या तर तेलाच्या उत्पन्नाला धक्का लागत नाही. केशर म्हणून जे स्वस्तात गळ्यात मारतात ते पुष्कळदा हेच असतं, पण इथे आपल्याला करडईच हवी आहे.

अर्धा किलो पिवळी पिकलेली लिंबं धुऊन उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाका आणि काढून पुसून कोरडी करा. याने सालीचा कडूपणा उतरतो. गार झाल्यावर प्रत्येक लिंबाला वरून उभे दोन छेद द्या, देठाशी जोडलेलं राहील असे. जाडं मीठ चार मोठे चमचे, कलौंजी एक मोठा चमचा, करडईच्या पाकळ्या दोन मोठे चमचे, भरड लाल मिरची एक लहान चमचा, हे एकत्र करून लिंबांत दाबून भरा. काचेच्या बरणीत घट्ट रचा, उरलेलं मिश्रण वर घाला, सात-आठ लिंबांचा रस ओता. तरी लिंबं बुडाली नाहीत तर उकळून गार केलेल्या एक पेला पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवून ते ओता. वर एक छोटी वाटी दाबून ठेवा, लिंबू खाराच्या वर डोकं काढता कामा नये. वर चमचाभर तेल सोडतात. तीन ते चार आठवड्यांत साल मऊ आणि पारदर्शक होते.

कलौंजी मागताना काळजी घ्या. कारळे दिसायला काळे असले तरी लांबट आणि चकचकीत असतात, त्यांची चटणी वेगळी आणि चव वेगळी. शहाजिरेही नकोत. कलौंजीचा दाणा तीन कोनांचा, मळकट काळा, आणि चुरडला तर ओव्यासारखा, कांद्यासारखा तिखट वास येतो. कांद्याचं बी म्हणून जे विकतात ते बहुधा कलौंजीच असतं, पण शेतीच्या दुकानातलं पेरणीचं बियाणं कधीही खाऊ नये, त्याला औषध लावलेलं असतं.

हे लिंबू तळलेल्या माशाबरोबर, फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्यांबरोबर, किंवा मसुराच्या सूपबरोबर बारीक चिरून घ्यावं. आपल्या गोड लिंबाच्या लोणच्याची सवय असलेल्यांना पहिला घास फार खारट वाटेल. चिमूटभर साखर घालायची इच्छा होईल, तेवढी आवरा.

मिश्र भाज्यांचं तुर्शी याच वाटेने होतं. गाजर, काकडी, फ्लॉवर, सलगम यांचे मोठे तुकडे, एका लिटर पाण्याला साठ ग्रॅम मीठ, अर्धी वाटी व्हिनेगर, लसूण, मिरची. आपल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत आंबतं, थंडीत आठवडा-दहा दिवस लागतात. मग फ्रीजमध्ये.

दोन गोष्टींच्या वाटेला मात्र घरी जाऊ नका. मिश हे महिनोन्‌महिने मडक्यात मुरवलेलं तिखट, खारट चीज, आणि फसीख हा वसंतातल्या शम्म अन-नसीमच्या सणाला खाल्ला जाणारा मुरवलेला बोय मासा. फसीखमुळे विषबाधा होते म्हणून इजिप्तचं आरोग्य खातं त्या दिवसांत लोकांना सावध करत असतं. तिथे ज्यांच्या घराण्याने तो धंदा चालवला आहे त्यांनाही सगळं नीट जमतंच असं नाही. त्या जातीची चव हवीच असेल तर आपल्या घरचा खारवलेला बांगडा नीट शिजवून तहिन्याबरोबर घ्यावा, आणि शेजारी करडईच्या लिंबाची फोड ठेवावी.